जुन्या पिकअपचा फेरफार

अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासा तालुक्यात, नगर शहरापासून सुमारे ३५ किलोमीटरांवर वसलेल्या शनिशिंगणापूरची कीर्ती देशभर पसरली ती दोन गोष्टींमुळे: उघड्या चौथऱ्यावर, डोक्यावर छप्पर न घेता, ऊनपाऊस अंगावर झेलीत उभी असलेली शनैश्वराची काळी शिळा, आणि चौकटींना कवाडे व कवाडांना कुलपे नसलेली तेथील घरे. २०११ साली एका राष्ट्रीयीकृत बँकेने या गावात आपली शाखा उघडली तेव्हा गावाच्या परंपरेचा मान राखून ती कुलूपविरहित ठेवली, आणि पोलीस ठाणे येथे आले तेही २०१५ साली. ज्या गावात घराच्या उंबऱ्याला अडसराची आवश्यकता वाटली नाही, त्या गावाच्या आसमंतात, घोडेगावच्या फाट्यावर, सोनईच्या साखर कारखान्याच्या रस्त्यावर, राहुरीकडे जाणाऱ्या वाटेवर, आज दिवसरात्र जी वाहने धावताना दिसतात त्यांत कांद्याच्या गोण्या, दुधाचे कॅन, कोंबड्यांचे पिंजरे आणि जनावरांचा चारा वाहणाऱ्या पिकअप गाड्यांची संख्या मोठी आहे. आणि या गाड्यांपैकी कितीतरी अशा, की ज्या आपल्या आजच्या धन्याच्या दारी येण्यापूर्वी दोन-दोन, तीन-तीन घरे फिरून आलेल्या असतात.

शिंगणापूरच्या नावाने या विषयाचा प्रारंभ करण्यास माझ्या दृष्टीने सबळ कारण आहे. कवाडाविना घर नांदते ते माणसे माणसांना ओळखतात म्हणून; शेजारी कोण, त्याचा बाप कोण, त्याची सोयरीक कोठे, हे सर्व ज्ञात असते, आणि ज्ञात असलेल्यावर विश्वास ठेवण्यास कागद लागत नाही. जुनी गाडी मात्र परमुलखातून येते. तिचा विक्रेता ओळखीचा असेलही, परंतु त्याच्याआधीचा मालक, त्याच्याही आधीचा मालक, तिच्यावर कर्ज देणारी पेढी, तिने ज्याला धडक दिली तो वाटसरू आणि तिला ज्याने कधी काळी जप्त केले तो अंमलदार, यांपैकी एकाचीही आपली तोंडओळख नसते. अशा ठिकाणी ओळखीची जी उणीव राहते ती भरून काढण्याचे काम दप्तरातील नोंद करते. म्हणून गाडीचा पूर्वेतिहास तपासणे हा विक्रेत्याचा अपमान होय, ही आपल्या ग्रामीण भागात खोलवर रुजलेली समजूत मला सर्वस्वी चुकीची वाटते. किंबहुना सचोटीने विकणाऱ्याला या तपासणीची गरज घेणाऱ्याहूनही अधिक असते, असे माझे मत आहे आणि ते का, हे पुढे ओघाने येईलच.

वास्तविक पारख करून घेणे ही गोष्ट आपल्या शेतकऱ्याला नवी नाही. घोडेगावचा जनावरांचा बाजार या भागात प्रसिद्ध आहे. अशा बाजारात बैल घेणारा गडी प्रथम बैलाचे तोंड उघडतो. दोन दाती, चार दाती, सहा दाती की जुळलेला, हे पाहून वय ठरवितो. अंगावरचे भोवरे न्याहाळतो, खूर दाबतो, वशिंडापुढे मानेवर हात फिरवून जुवाचा घट्टा चाचपतो, चालवून पाहतो, जमल्यास जुंपून पाहतो, आणि मगच रुमालाखाली बोटांनी भावाची भाषा सुरू होते. एवढे करूनही बाजार समितीच्या पावतीवाचून जनावर बाजाराबाहेर नेण्यास शहाणा मनुष्य धजत नाही, कारण वाटेत कोणी ‘हे माझे जनावर’ म्हणून आडवा आला तर दाखविण्यास ती पावतीच उपयोगी पडते. या सगळ्या विधीत विकणाऱ्याला कधी राग आल्याचे ऐकिवात नाही. मग त्या बैलाच्या अनेक पटींनी मोल असलेली पिकअप घेताना आपण केवळ बॉनेट उघडून, हॉर्न वाजवून आणि चार मैल फिरवून समाधान का मानावे?

जमिनीच्या बाबतीत तर आपण याहून दक्ष असतो. अर्धा एकर रान घ्यावयाचे असले तरी सातबारा काढला जातो, इतर हक्कांच्या रकान्यात कोणाचा बोजा आहे काय ते पाहिले जाते, जुने फेरफार उकरून वारसांची नावे ताडली जातात, वकिलाकडून शोध अहवाल घेतला जातो, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली जाते. या सर्व खटाटोपाचे मर्म एवढेच, की वस्तूचा ताबा आणि वस्तूवरील हक्क या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे आपल्या समाजाला महसुली अमलाच्या अनेक शतकांनी शिकविले आहे. मोटारगाडीच्या बाबतीत हा धडा अद्याप पुरता अंगी मुरलेला नाही. वस्तुतः मोटारीलाही आपल्या देशात कायद्याचे दप्तर आहे आणि ते बरेच जुने आहे: पहिला मोटारवाहन कायदा १९१४ चा, दुसरा १९३९ चा, आणि आज अमलात असलेला १९८८ चा. नोंदणीचे पुस्तक, म्हणजे ज्याला आपण आरसी बुक म्हणतो, तो गाडीचा सातबारा. आणि मालकीच्या हस्तांतरणाची नोंद, म्हणजे ज्यासाठी नमुना २९ व नमुना ३० चे अर्ज भरावयाचे असतात, तो तिचा फेरफार. हे साम्य एकदा ध्यानी आले म्हणजे पुढील बरीचशी वाट आपोआप सोपी होते.

प्रथम दप्तराकडे वळू. अहिल्यानगर जिल्ह्यातील गाड्यांवर एमएच १६ अथवा एमएच १७ हे क्रमांक दिसतात. पहिला नगरच्या परिवहन कार्यालयाचा, दुसरा श्रीरामपूरच्या. परंतु विक्रीस आलेली गाडी पुण्याची, नाशिकची, ठाण्याची, क्वचित परराज्याचीही असू शकते. परराज्यातील गाडी असेल तर मूळ कार्यालयाचा नमुना २८ मधील ना-हरकत दाखला पाहिल्यावाचून इसाराचा एक रुपयाही देऊ नये. सुदैवाने आता केंद्र सरकारच्या वाहन नावाच्या प्रणालीत व तिच्या मोबाइलवरील आवृत्तीत गाडीचा क्रमांक घातला असता नोंदणीची तारीख, मालकाचा अनुक्रम, पासिंगची मुदत, विम्याची मुदत, प्रदूषण दाखल्याची मुदत, कर्ज देणाऱ्या संस्थेचे नाव आणि गाडी काळ्या यादीत आहे काय, एवढा तपशील घरबसल्या दिसतो. यातील ‘मालकाचा अनुक्रम’ हा शब्द नीट वाचावा. विक्रेता स्वतःस दुसरा मालक म्हणवीत असेल आणि नोंद पहिल्याच मालकाची असेल, तर मधला व्यवहार दप्तराबाहेर झालेला आहे, म्हणजे फेरफार न होताच रान विकले गेले आहे, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

पासिंग हा शब्द आपल्याकडे योग्यता प्रमाणपत्रासाठी रूढ आहे. मालवाहू गाडीला ते आठ वर्षे वयापर्यंत दोन-दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते. दीर्घकाळ पासिंग न झालेली गाडी कोठेतरी उभी होती, अथवा तपासणीस नेण्याजोगी नव्हती, असा तर्क करावयास जागा असते. परवान्याविषयी एवढेच सांगणे पुरे, की मालासह एकूण वजन ३००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीस परवाना लागत नाही, त्याहून जड गाडीस लागतो. ऑनलाइन दंडाची थकबाकी मात्र अवश्य पाहावी. वाहतूक पोलिसांच्या यंत्रणेत ती क्रमांकानिशी दिसते आणि ती विक्रेत्याकडून आधीच भरून घेणे इष्ट.

आता बोजा. आपल्या भागातील बहुतेक पिकअप कर्जाने घेतलेल्या असतात आणि कर्ज फिटेपर्यंत सावकार संस्थेचे नाव आरसी बुकात चढलेले असते. कर्ज फिटले म्हणजे संस्था नमुना ३५ वर सही करून देते आणि ना-हरकत पत्र देते. परंतु ती कागदे परिवहन कार्यालयात दाखल करून बोजा उतरविण्याचा कंटाळा अनेकजण करतात. ‘हप्ते कधीच फिटले, फक्त नाव राहिले आहे’ हे वाक्य खरेही असू शकते आणि खोटेही. दोन्ही प्रसंगी उपाय एकच, संस्थेच्या शाखेत स्वतः जाऊन खात्याचा उतारा पाहणे. त्याहून घातक प्रकार म्हणजे हप्ते चालू असताना गाडी पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर नोटरी करून दुसऱ्यास देणे आणि उरलेले हप्ते घेणाऱ्याने भरावेत असे ठरविणे. हा करार त्या दोघांपुरता. संस्था त्याला ओळखत नाही. दोन हप्ते थकले की संस्थेची माणसे येऊन गाडी उचलून नेतात, आणि ज्याने चार लाख रुपये रोख मोजले तो दप्तराच्या दृष्टीने परका ठरतो. अशा उचललेल्या गाड्या पुढे लिलावात येतात. लिलावातील गाडी घेणे गैर नाही, स्वस्तही पडते. पण संस्थेने नमुना ३६ अन्वये नोंदणी आपल्या नावे करून घेतली आहे की मूळ कर्जदाराच्या कोऱ्या सह्यांवरच गाडी फिरते आहे, हे विचारावे. मालक मयत असेल तर वारसांच्या संमतीने आणि नमुना ३१ अन्वये आधी वारसाच्या नावे नोंद व्हावी लागते, मग विक्री. मयताच्या सहीचे जुने कोरे अर्ज वापरून केलेले हस्तांतरण ही सरळसरळ बनावट कागदाची बाब आहे, मग ती कितीही घरोब्यातून झालेली असो.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्याची वाच्यता फार कमी होते. पिकअप ही कामाची गाडी, आणि काम कायद्याच्या चौकटीतले असेलच असे नाही. मुळा आणि प्रवरा या नद्यांच्या पात्रांतून बेकायदा वाळू वाहणे हा आपल्या जिल्ह्याचा जुना रोग आहे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ४८ अन्वये अशी वाळू वाहणारे वाहन महसूल खात्यास जप्त करता येते, दंड आकारता येतो आणि बंधपत्र घेऊनच ते सोडता येते. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. तो वाहताना पकडलेली गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात मुद्देमाल म्हणून उभी राहते. जनावरांच्या बेकायदा वाहतुकीच्या, दारूच्या, चोरीच्या मालाच्या गुन्ह्यांतही हेच घडते. खटला वर्षानुवर्षे चालतो, आणि मध्यंतरी मालक न्यायालयात अर्ज करून गाडी सुपुर्दनाम्यावर सोडवून आणतो. सुपुर्दनामा हा फारशी अमलापासून आपल्या कचेऱ्यांत नांदत आलेला शब्द. त्याचा आशय असा, की वस्तू न्यायालयाची, सांभाळ तुझा. बोलाविताच हजर करीन, रूप पालटणार नाही, विकणार नाही, अशा अटींवर ती तुला दिलेली आहे. अशी गाडी मालकाच्या अंगणात उभी असते, धावते, मिळवते, आणि एखाद्या दिवशी विक्रीसही येते. घेणाऱ्यास ती स्वच्छ दिसते. प्रत्येक ठाण्यातील मुद्देमालाची आणि प्रत्येक तहसील कचेरीतील दंडाची नोंद परिवहन खात्याच्या प्रणालीत वेळेवर पोचतेच असे नाही. आणि निकाल लागून गाडी सरकारजमा करण्याचा हुकूम झाला, तर तो हुकूम आजच्या ताबेदाराच्या दारी येऊन पडतो.

याला उपाय आहे, पण तो पायपिटीचा आहे. गाडी ज्या गावची, त्या गावच्या पोलीस ठाण्यात व तहसील कचेरीत जाऊन क्रमांक सांगून चौकशी करावी, तलाठ्यास विचारावे, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वाहनविषयक सेवेत चेसिस व इंजिन क्रमांक घालून गाडी चोरीच्या यादीत नाही असा दाखला काढावा, आणि विक्रेत्याकडून प्रतिज्ञापत्र घ्यावे, ज्यात गाडी कोणत्याही गुन्ह्यात मुद्देमाल नाही, सुपुर्दनाम्यावर नाही, महसुली दंडास पात्र नाही, असे त्याने स्पष्ट शब्दांत लिहून द्यावे. प्रतिज्ञापत्राने गाडी पवित्र होत नाही, हे खरे. परंतु लिहून देण्याची वेळ आली म्हणजे मनुष्याचा हात कोठे अडखळतो ते समोरच्यास दिसते. आणि ज्याचे मन निर्मळ आहे तो त्यावर बिनदिक्कत सही करतो.

दप्तर झाले; आता लोखंड. सतरा अक्षरांचा चेसिस क्रमांक हा गाडीचा जन्मदाखला. त्याची पहिली तीन अक्षरे कारखान्याची असतात: एमए१ महिंद्राची, एमएटी टाटांची, एमबी१ अशोक लेलँडची. अनेक कारखान्यांच्या क्रमांकांत दहावे अक्षर निर्मितीचे वर्ष सांगते: जे म्हणजे २०१८, के म्हणजे २०१९. आय, ओ आणि क्यू ही अक्षरे या क्रमांकात कधीच नसतात. ती दिसली तर तेथेच थांबावे. पूर्वी परिवहन कार्यालयात या क्रमांकाची छाप द्यावी लागे: चेसिसवर पातळ कागद ठेवून त्यावरून पेन्सिल घासली की खोदलेला क्रमांक कागदावर उमटे. ही छाप आजही स्वतःसाठी घ्यावी. कागदावर क्रमांक शेजारी शेजारी, सारख्या खोलीचे, एका ओळीत उमटतात की एखादा आकडा वाकडा, उथळ अथवा निराळ्या वळणाचा आहे, हे डोळ्यांपेक्षा पेन्सिल अधिक चांगले दाखविते.

असे पाहण्याचे कारण एक विशिष्ट प्रकारची फसवणूक आहे, जी समजून घेणे अगत्याचे आहे. अपघातात पूर्ण निकामी झालेली गाडी विमा कंपनी नुकसान भरून देऊन भंगारात काढते. भंगार घेणाऱ्यास लोखंडापेक्षा त्या गाडीच्या कागदांत रस असतो. त्याच मॉडेलची, त्याच रंगाची दुसरी गाडी कोठूनतरी चोरून आणली जाते, तिचा चेसिस क्रमांक घासून काढला जातो, त्या जागी मेलेल्या गाडीचा क्रमांक ठोकला जातो. आणि मग कागद खरा, क्रमांक खरा, नोंद खरी, परंतु गाडी मात्र तिसऱ्याच कोणाची, अशी विलक्षण परिस्थिती निर्माण होते. अशा गाडीची नोंद दहा वेळा तपासली तरी काही हाती लागत नाही. येथे लोखंडालाच विचारावे लागते. आणि लोखंड बोलते. ठोक्याने आकडा उमटतो तेव्हा वरच्या पृष्ठभागाखालील धातूची रचनाही दाबली जाऊन विस्कटते; वरचा थर घासून टाकला तरी खालचा हा विस्कोट उरतो. न्यायसहायक प्रयोगशाळेत त्या जागी तांब्याचा क्षार मिसळलेले आम्ल लाविले म्हणजे दाबलेला भाग निराळ्या वेगाने झिजतो आणि पुसलेला क्रमांक पुन्हा वर येतो. खरेदीदाराने आम्ल लावीत बसावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु क्रमांकाभोवती घासल्याच्या खुणा, नवा रंग, वेल्डिंगचा टाका दिसला तर सौदा सोडून द्यावा, त्यात हळहळण्यासारखे काही नाही. १९३० च्या मालविक्रीच्या कायद्याचे मूलतत्त्वच असे आहे, की जो हक्क विकणाऱ्याला स्वतःला नाही, तो त्याला दुसऱ्याला देता येत नाही. चोरीची गाडी शुद्ध मनाने, पूर्ण किंमत देऊन घेतली तरी ती मूळ मालकाचीच राहते.

यानंतर गाडीच्या देहाची परीक्षा. येथे मला विक्रेत्यास विचारावयाचा एकच प्रश्न सुचवावासा वाटतो: हिने आजवर काय वाहिले? दुधाच्या गाडीचा भार ठराविक, वाट ठराविक, वेळ ठराविक. पण सांडलेल्या दुधाने हौद्याचा पत्रा आंबून गंजतो. कोंबड्यांच्या गाडीला विष्ठेतील क्षार खातात. भाजीपाल्याची गाडी रात्री वाशीच्या बाजारास जाऊन पहाटे परतणारी, म्हणून तिचे किलोमीटर भरमसाट, पण रस्ता चांगला. कांद्याची गाडी हंगामात क्षमतेच्या दीडपट भरली जाते. वाळूची, विटांची आणि खडीची गाडी सर्वांत जास्त सोसलेली. मागील पाट्यांत कारखान्याने दिलेल्यापेक्षा जादा पान चढविलेले असेल तर गाडीने जादा भार वाहिला याचा तो लेखी कबुलीजबाबच समजावा. चेसिसच्या लांब पट्ट्यांखाली झोपून, हौदा जेथे बसतो त्या जागी तडा अथवा टाका आहे काय ते पाहावे. मागून उभे राहून गाडी एका अंगाला झुकते काय ते पाहावे. टायर एका बाजूने खाल्लेले आहेत काय ते पाहावे. इंजिन चालू असताना तेलाचे झाकण काढून धूर जोराने बाहेर येतो काय हे पाहणे, ज्याला आपले मिस्त्री ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात, ही एक साधी पण खात्रीची परीक्षा आहे. आपल्या ओळखीचा मिस्त्री न्यावा, विक्रेत्याच्या ओळखीचा नव्हे.

आणि मीटर. बैलाचे दात खोटे बोलत नाहीत. गाडीचे मीटर बोलते. पूर्वी तारेवर चालणारे मीटर हाताने मागे फिरवीत, आज आकड्यांचे मीटर उपकरण जोडून काही मिनिटांत मागे नेता येते. म्हणून मीटरवर विश्वास न ठेवता त्याची साक्ष इतरांशी ताडावी. क्लचच्या पेडलचे रबर गुळगुळीत झालेले, स्टिअरिंगची कातडी सोललेली, चालकाच्या सीटचा स्पंज बसलेला, आणि मीटर चाळीस हजार दाखविते, हे जुळत नाही. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, त्यांतील पहिले दोन आठवड्याचे व नंतरचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सर्व्हिसच्या पावत्यांवर त्या त्या दिवशीचे किलोमीटर लिहिलेले असतात. आणखी एक साक्षीदार अलीकडे निर्माण झाला आहे, ज्याचा उपयोग मी फारसा कोणास करताना पाहिलेला नाही: फास्टॅग. २०२१ पासून तो सक्तीचा झाल्यामुळे गाडी कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, कोणत्या टोलनाक्यावरून गेली याचा उतारा मालकाच्या बँकेत उपलब्ध असतो. विक्रेत्याने तो स्वेच्छेने दाखविला तर ‘गाडी गावातच फिरली’ या विधानाची शहानिशा पाच मिनिटांत होते.

नगर शहराजवळ वाहननगर येथे संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था आहे. तेथील चाचणी मार्गांवर नव्या वाहनांची कठोर परीक्षा होते. ज्या जिल्ह्यात अशी संस्था आहे, त्याच जिल्ह्यात दहा वर्षे राबलेली पिकअप घेणाऱ्या शेतकऱ्याला मात्र फाट्यावरच्या मिस्त्रीखेरीज आधार नसावा, हे मला नेहमी खटकत आले आहे. तालुक्याच्या ठिकाणी माफक शुल्क घेऊन जुन्या गाडीची लेखी तपासणी करून देणारे केंद्र बाजार समित्यांना चालविता येणार नाही काय? जनावराच्या खरेदीची पावती देणारी समिती गाडीच्या तपासणीचाही कागद देऊ शकेल.

पुरात बुडालेल्या गाड्यांविषयी थोडक्यात एवढेच, की २००५ च्या मुंबईतील आणि २०१९ च्या सांगली-कोल्हापुराकडील जलप्रलयांनंतर सावध राहण्यास पुरेसे कारण आपल्याला मिळालेले आहे. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाची रेघ आहे काय ते पाहावे, आणि डॅशबोर्डाखालील तारांच्या जोडांवर हिरवट गंज आहे काय ते पाहावे.

मीटरचा आणि पूर्वेतिहासाचा हा प्रश्न आपल्यापुरता नाही. अमेरिकेत मीटर मागे फिरविण्याविरुद्ध १९७२ साली संघीय कायदा करावा लागला. बेल्जियमने याहून मुळाशी हात घातला: २००६ पासून तेथे प्रत्येक गॅरेजला दुरुस्तीस आलेल्या गाडीचे किलोमीटर एका मध्यवर्ती संस्थेस कळवावे लागतात, आणि जुनी गाडी विकताना ‘कार-पास’ नावाचा तो इतिहास दिल्यावाचून व्यवहार पुरा होत नाही. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन एक निबंध लिहिला, आणि २००१ साली नोबेल पारितोषिकाचा सहमानकरी होण्यास तोच प्रामुख्याने कारण झाला. त्याचे म्हणणे आपल्या फाट्यावरच्या भाषेत मांडावयाचे तर असे: चांगली गाडी कोणती व खराब कोणती हे घेणाऱ्यास ओळखता येत नाही, म्हणून तो सर्वच गाड्यांना मधला भाव देतो, त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकण्यास तयार होत नाही, खराब गाडीचा मालक आनंदाने तयार होतो, आणि हळूहळू बाजारात खराबच गाड्या उरतात. सोनईचा जो दूधवाला दर पाच हजार किलोमीटरांना तेल बदलतो, क्षमतेबाहेर एक कॅन चढवीत नाही, हप्ता चुकवीत नाही, त्याला त्याच्या सचोटीचे मोल मिळावे कसे? त्याच्या शेजारी उभी असलेली, रंग मारून चकचकीत केलेली वाळूची गाडी त्याच भावाला जाते. तपासणीने, नोंदीने, पावत्यांच्या पुडक्यानेच त्याचे मोल वेगळे पडते.

विक्रेत्याच्या बाजूने दुसरेही एक कारण आहे, आणि ते अधिक गंभीर आहे. कायद्याप्रमाणे एकाच राज्यात विक्री झाली असता विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावयाचे असते. आपल्याकडे विकणारा कोऱ्या अर्जांवर सह्या करून एजंटाच्या हाती देतो आणि पैसे घेऊन निश्चिंत होतो. २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयापुढे असे एक प्रकरण आले, ज्यात पहिल्या मालकाने विकलेली मोटार पुढे एकामागून एक चौघांच्या हाती गेली, परंतु नोंद पहिल्याच्याच नावावर राहिली, आणि २००९ साली तिच्या अपघातात एका लहान मुलाचा जीव गेला. न्यायालयाने भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर ठेवली; अपघातग्रस्ताने हातोहात झालेल्या विक्रींची साखळी शोधीत फिरावे अशी अपेक्षा करता येणार नाही, असा त्यामागील विचार होता. म्हणजे घोडेगावच्या एखाद्या शेतकऱ्याने विकलेली पिकअप पाच वर्षांनी विदर्भात कोणास धडकली, तर नोटीस घोडेगावात येते. फेरफार करून घेण्याची निकडही घेणाऱ्यापेक्षा विकणाऱ्यास अधिक असावी; तपासणीची गरज विकणाऱ्यास अधिक, असे मी आरंभी म्हटले ते याही अर्थाने. विम्याचेही असेच आहे: गाडीबरोबर तृतीय पक्षाचा विमा नव्या मालकाकडे गेला असे कायदा मानतो, परंतु गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा कंपनीने नाव बदलल्यावाचून त्याच्या कामी येत नाही, आणि त्यासाठी अर्जाची मुदत १४ दिवसांची आहे. मधल्या दलालांच्या बाबतीत १ एप्रिल २०२३ पासून नवे नियम लागू झाले आहेत. त्यांनी परिवहन कार्यालयाकडून अधिकारपत्र घ्यावे, आणि गाडी त्यांच्या ताब्यात आल्याची सूचना दाखल झाली म्हणजे तेव्हापासून तेच मालक समजले जातील, अशी तरतूद आहे. ज्या दलालाकडे असे अधिकारपत्र नाही, त्याच्या हाती सह्या केलेले कोरे अर्ज देऊ नयेत.

शनैश्वराचा संबंध लोखंडाशी जोडलेला असल्यामुळे शनिवारी लोखंड विकत घेऊ नये असा संकेत आपल्याकडे अनेक घरे पाळतात, आणि त्यामुळे गाडीचा सौदा शुक्रवारी ठरला तरी ताबा रविवारवर ढकलला जातो. या मधल्या दोन रात्री आणि एक दिवस फार उपयोगी पडू शकतात. त्या अवधीत पेन्सिलीची छाप आरसी बुकाशी ताडून होते, बँकेचा उतारा येतो, ठाण्यातून निरोप येतो. मग रविवारी सकाळी दोघांनी बसून ताबा पावती लिहावी: गाडीचा क्रमांक, चेसिस व इंजिन क्रमांक, त्या क्षणीचे मीटर, दिलेली रक्कम व ती कशी दिली, किती किल्ल्या दिल्या, कोणकोणती मूळ कागदपत्रे दिली, आणि सर्वांत शेवटी तारखेबरोबर वेळही, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे असेल तर तशीच, कारण दहा वाजून वीस मिनिटांपूर्वीचा दंड एकाचा आणि त्यानंतरचा दुसऱ्याचा. खाली दोघांच्या सह्या, दोन साक्षीदारांच्या सह्या, आणि पावतीच्या दोन प्रती. एक विकणाऱ्याच्या घरातील पत्र्याच्या पेटीत, जमिनीच्या कागदांशेजारी, आणि दुसरी गाडीच्या नव्या धन्याच्या खिशात, सोमवारी परिवहन कार्यालय उघडेपर्यंत.